चूल कोणत्या पोत्यात?

"बाबा, माझ्या डाळीत खोट कुठंय, ते तरी सांगा!"

सिद्रामशेठ तणतणत होते. मोठी लढाई नुकतीच संपली होती. समुद्रापलीकडच्या त्या मुलखात घरं जमीनदोस्त, माणसं उपाशी. त्यांच्यासाठी शेठनी ट्रकभर तूरडाळ द्यायची ठरवली, तीही फुकट. आमचा अख्खा बाजार तोंडात बोट घालून बघत होता. ट्रक बंदराकडे निघण्याआधी फकीर दस्तगीरबाबांची दुवा मिळावी, एवढीच इच्छा. आणि बाबा तर सकाळपासून दुवा द्यायचं नाव काढेनात...

शेठनी मूठभर डाळ तळहातावर पसरली.

"बघा, सोन्यासारखी! घरी खायलासुद्धा अशी ठेवत नाही मी."

बाबांनी ती मूठ आपल्या हातात घेतली.

"जेवून जा, सिद्राम."

चटई अंथरली. ताट आलं. ताटात तीच डाळ. कोरडी. शेजारी तांब्याभर पाणी.

शेठ हसले. "अहो बाबा, शिजवायची राहिली की!"

"असं? मग चूल कोणत्या पोत्यात घातलीस?"

"तिथं चुली असतीलच की."

"घरं पडली, असं तूच म्हणालास."

शेठ उठले. चपला घालायच्या विसरले.

मग बाजारात गंमतच झाली. शेठनी डाळ देऊन हरभरे घेतले. गावातल्या सगळ्या भट्ट्या पेटल्या. भडभुंजा विचारतो, "शेठ, कुणाचं लग्न काढलंत का?"

दुसऱ्या दिवशी शेठ ओंजळभर गरम फुटाणे घेऊन बाबांपुढे हजर.

"घ्या! चूल नको, काही नको."

बाबांनी तोंड उघडून दाखवलं. एकही दात नव्हता.

शेठनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले. तसेच गिरणीवर गेले. भाजलेले गहू, हरभरे दळून सातूचं पीठ केलं. त्यात गूळ किसून घातला. फुटाणे होतेच, त्यांच्या शेजारी पिठाची पोती चढली.

ट्रक निघाला त्या दिवशी शेठ पुन्हा आले. बाबांच्याच वाडग्यात त्यांनी पीठ गार पाण्यात कालवलं आणि वाडगा त्यांच्यापुढे धरला. या खेपेला दुवा मागितली नाही.

बाबांनी बोटं चाटली. अर्धं पीठ ताटात काढून शेठपुढे सरकवलं.

"बस, जेव. परवा तू नुसता विकायला आला होतास, दुवेच्या मोबदल्यात."