अजून न पडलेली साळुंकी

त्या राज्यात आकाश सगळ्यांचं होतं. फक्त पायात कडं असल्याशिवाय कुणाला त्यात उडता येत नसे.

कायदा वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. फार पूर्वी एक उतावळा पारवा भरधाव उडताना सुगरणीच्या घरट्यावर आदळला होता. घरटं नदीत गेलं, अंडी फुटली. पारवा म्हणाला, चुकलं माझं, आणि पिसं झटकून निघून गेला. आता त्या 'चुकलं माझं'मध्ये सुगरणीने अंडी घालायची की काय? तेव्हापासून ठरलं, की ज्याला उडायचं त्याने दुसऱ्याच्या नुकसानीची हमी आधी द्यायची. हमी दिली की भरपाईच्या पेढीतून पिवळ्या गवताचं कडं मिळे. बिनकड्याचा पक्षी दिसला, की दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल वरून झडप घाली.

पेढी कोंबड्यांकडे होती. दुसऱ्या कुणाकडे देणार? आजवर एकही कोंबडी आकाशातून पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. उडण्याच्या बाबतीत इतकं धुतल्या तांदळासारखं नाव राज्यात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. कोंबड्या हमीचं मोल पिसांत घेत. जमलेली पिसं त्यांच्या बसायच्या गाद्यांमध्ये भरली जात, आणि गाद्या दरवर्षी थोड्या उंच होत.

या राज्यात एका घळीच्या काठी, बाभळीवर, शेवंता नावाची तरुण साळुंकी आईबरोबर राहत होती. गेल्या थंडीत आईचा खांदा धरला तो धरलाच. तिला उडता येईना. बाभळीवर खायला काही नाही, आणि पिकलेल्या उंबरांनी लगडलेलं झाड घळीच्या पलीकडे. शेजारचा मोठ्या चोचीचा धनेश येताजाता दोन-चार उंबरं आणून टाकी, पण या मोसमात तोही बिऱ्हाड घेऊन दूरच्या रानात निघाला होता. जाताना तो शेवंताला म्हणाला, की आता आईचं पोट तुझ्या पंखांवर.

शेवंताला उडता येत होतं. आपल्या झाडावर या फांदीवरून त्या फांदीवर जायला कडं लागत नाही, तेवढ्यावर ती शिकली होती. घळ ओलांडायची तर मात्र कडं हवं. म्हणून ती पेढीच्या राघूकडे गेली. राघू पेढीचा माणूस. सगळ्या अटी त्याला तोंडपाठ होत्या. त्यांचा अर्थ विचारला, की तो त्याच अटी पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवी.

राघूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दर सांगितला. दोन्ही पंखांतली लांब पिसं आणि अर्धी शेपटी. शेवंताला वाटलं, काका थट्टा करताहेत. तिच्यासमोरच एक म्हातारी घार एक जुनाट पीस टाकून कडं घेऊन गेली होती. त्या घारीने आयुष्यात तीन घरटी पाडली होती आणि चौथं थोडक्यात हुकलं होतं, हे अख्ख्या राज्याला ठाऊक होतं. शेवंताने तसं बोलून दाखवलं.

"घार पडते, हे पेढीला माहीत आहे," राघू म्हणाला. "कुठे पडते, कशी पडते, सगळं माहीत आहे. तुझं काय माहीत आहे?"

"मी तर अजून एकदाही पडले नाही, काका."

"तेच तर, पोरी. एकदाही पडली नाहीस, म्हणजे तुझं सगळं पडणं अजून शिल्लक आहे."

दर कधी उतरतो, असं तिने विचारलं. काही मोसम न पडता उडून दाखवलं की उतरतो, असं कळलं. उडून दाखवायला काय लागतं, तर कडं. सवलत म्हणाल तर होती. तळ्याकाठी एक बदक उड्डाणाचा वर्ग चालवी, चिखलात रेघा ओढून. तो पुरा केला की अर्धं पीस कमी होई, आणि बदकाची दक्षिणा होती एक पीस. शेवटी तिने सरळच विचारलं, की एवढी पिसं दिल्यावर मी उडू कशाने? राघू जरा दुखावला. म्हणाला, ते उडण्याचं झालं, मी हमीचं बोलतोय.

तिचा उतरलेला चेहरा पाहून राघूला दया आली म्हणा, किंवा हातचं गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटली म्हणा. त्याने मान वाकडी केली, आवाज खाली आणला आणि सुचवलं, की कडं आईच्या नावाने घे. आई जन्मभर उडली होती, कुणाच्या घरट्याला तिचा धक्कासुद्धा लागला नव्हता. तिचा दर पोटाखालची दोन मऊ पिसं. असं सगळेच करतात, तो म्हणाला, फक्त हे मी सांगितलं असं कुठे म्हणू नकोस.

आईचा खांदा धरलाय का, हे पेढीने विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. दोन मऊ पिसं गेली, कडं आलं, ते शेवंताने स्वतःच्या पायात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घळीवर झेप घेतली. खाली इतकी खोल जागा आणि वर इतकी मोकळी, की तिला हसूच फुटलं. पलीकडे जाऊन तिने पहिलं उंबर तोडलं ते आईसाठी. आईने ते खाल्लं आणि पुष्कळ दिवसांनी बाभळीवर बसून शीळ घातली.

आईच्या या आनंदानेच घात केला. आई ती आईच. लेक घळीवर निघाली, की ती शेंड्यावर सरकून बसे आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, "सांभाळून गं, शेवंते! वारा डावीकडून आहे!" रोज ओरडे. एके दिवशी वरून कोतवाल चालला होता. त्याने शेवंताला अडवलं, तिच्या पायातलं कडं पाहिलं, त्यावरची आईची खूण वाचली आणि मग खाली बाभळीकडे पाहिलं.

"ज्या बाई या घडीला इथे उडताहेत," तो म्हणाला, "त्या खाली बसून तुला वारा कुठून आहे ते का सांगताहेत?"

कडं तिथल्या तिथे तोडलं गेलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. आता शेवंता नुसती नवखी राहिली नव्हती, लबाडही ठरली होती, आणि लबाड नवख्यांचा दर वेगळा होता, शिवाय तो भरावाच लागे. थोरल्या कोंबडीने उंच गादीवरून मान खाली घालून तिला पाहिलं आणि हळहळ व्यक्त केली. राघू तर म्हणाला, की असला प्रकार त्याने जन्मात ऐकला नव्हता. पंखांतली लांब पिसं गेली, शेपटी गेली, मानेवरचीही बरीच गेली. नवं, खरं, तिच्या स्वतःच्या नावाचं कडं तिच्या पायात आलं. ते पाहून तिला इतकं रडू आलं, की राघूला वाटलं, पोरीला आनंद झाला.

पलीकडे उंबरं पिकून गळत होती. बाभळीवर आई दिवसभर गप्प बसे आणि भूक नाही म्हणे. साळुंकीला भूक नाही, हे कुणी ऐकलंय का? तिसऱ्या दिवशी शेवंता झाडावरून खाली उतरली आणि चालू लागली. घळीत उतरायचं, दगडांवरून ओढा ओलांडायचा, काटेरी झुडपांतून पलीकडचा चढ चढायचा, उंबर उचलायचं आणि त्याच वाटेने परत. जिथे पंखांना घटकाभरही लागली नसती, तिथे पायांना अख्खा दिवस लागला. तिची बोटं सोलवटली. पण संध्याकाळी आईच्या चोचीत उंबर पडलं. आईने ते गिळलं, मग लेकीच्या बोडक्या पंखांवरून चोच फिरवली आणि म्हणाली, "माझ्या ओरडण्यापायी झालं गं हे." शेवंता म्हणाली, की तू ओरड, चालताना बरं वाटतं.

हळूहळू त्या घळीत ती एकटी राहिली नाही. कुणाच्या पिलाला पाणी हवं होतं, कुणाचं सासर पलीकडे होतं. पायात नवं कडं आणि अंगावर जेमतेम पिसं, असे कितीतरी तरुण पक्षी त्याच चढावर भेटू लागले. घळीतून एक चांगली रुळलेली पायवाट तयार झाली. वर आकाशात कोतवाल एकटाच घिरट्या घाली. तपासायला कुणीच नसे.

वर्ष संपलं तेव्हा पेढीवर मोठा समारंभ झाला. वर्षभरात एकही नवखा पक्षी आकाशातून पडला नव्हता. कोंबड्यांना कृतकृत्य वाटलं. आपला कायदा पोरांना किती जबाबदार बनवतो, यावर थोरली कोंबडी बराच वेळ बोलली. उत्तम उडणारी म्हणून शेवंताचा सत्कार झाला आणि तिचा दर एका पिसाने उतरवला गेला. ती समारंभाला चालत आली होती, आणि आईला भूक लागेल म्हणून भाषण संपायच्या आत चालतच निघाली.

त्याच आठवड्यात पायवाटेच्या वळणावर एक चंडोल आणि एक लावा एकमेकांवर आपटले. वाटेकडेला टिटवीचं अंडं होतं, ते चेपलं गेलं. बातमी पेढीपर्यंत पोचली तेव्हा कोंबड्या फार गंभीर झाल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंता चढ चढून वर आली, तर वाटेच्या तोंडाशी राघू उभा होता. शेजारी पिवळ्या गवताच्या कड्यांचा ढीग आणि नवी कोरी, रिकामी टोपली होती. समोर बाभळीवरून आई ओरडत होती, की दिवस कलतोय, लवकर ये. राघूने शेवंताचं सत्काराबद्दल तोंडभरून कौतुक केलं. चोचीत उंबर असल्यामुळे तिला काही बोलता येईना. मग तो खाली वाकला आणि तिच्या पायांची नखं निरखून पाहू लागला.