ओळंब्यातली भिंत

“…पण सर, पाडायचीच आहे तर बांधायची कशाला?”

हृषीकेश बडगुजरनं हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत गाऱ्यानं माखलेले होते आणि नाकाला खाज सुटली होती.

पिंजारी सर स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होते.

“…”

“सर?”

“विटा खरवड. गारा वाळला की निघत नाही.”

“पण वर्षभर नुसती भिंतच?”

“नववीला भिंत,” सर म्हणाले, आणि चहा प्यायले.

तापीकाठच्या त्या हायस्कुलात नववीला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागायचा. कॉम्प्युटर, इंजिनिअरिंग, नाहीतर बांधकाम. कॉम्प्युटरवाल्यांना एसी होता. इंजिनिअरिंगवाल्यांना पंखा होता. बांधकामवाल्यांना पिंजारी सर होते.

हृषी खरा कॉम्प्युटरवाला. आपण कोणता विषय घ्यावा हे सांगणारा एक प्रोग्रामच त्यानं लिहिला होता. विषय निवडायच्या दिवशी तो घरी बसून प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून बघत राहिला. दर वेळी उत्तर एकच, कॉम्प्युटर. अगदी पक्की खात्री झाल्यावर तो शाळेत पोचला. तोवर कॉम्प्युटर भरलं होतं. इंजिनिअरिंगही भरलं होतं.

पिंजारी सरांकडे जागा होती. त्यांच्याकडे नेहमीच असायची.

बांधकामाच्या तासाची रीत ठरलेली. कॉम्प्युटरच्या खोलीकडे जायला एकच बोळ होता, अरुंद आणि छत असलेला. शाळेत सावली काय ती तिथंच. बोळाच्या तोंडाशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मातीच्या गाऱ्यात कंबरेएवढी भिंत बांधायची. सर तिला ओळंबा लावणार. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा सांगतो, आणि भीडभाड न ठेवता सांगतो. मग मधल्या सुट्टीआधी भिंत पाडायची, विटा खरवडून रचायच्या, आणि सुट्टीनंतर कॉम्प्युटरची पोरं त्याच बोळातून एसीत जाणार.

हृषी त्यांच्याकडे बघत उरलेल्या विटा खरवडायचा.

त्याची भिंत कधीच सरळ आली नाही. एकदा पोट सुटलं, एकदा डावीकडं कलली.

“काय भो,” त्याचा जोडीदार ललित म्हणायचा, “भिंतीला बरं नाही का? जरा पडायचं म्हणतेय.”

“गारा ओला असतो. खालचे थर दबतात. माझी चूक नाही, मटेरियलची आहे.”

“तिला सांग ना तसं. ऐकेल.”

अशात एका शुक्रवारी कॉम्प्युटरच्या नेवे मॅडमनी हृषीला जिन्यात गाठलं. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची नंदुरबारला बदली झाली होती. एक खुर्ची रिकामी होती.

“पिंजारी सरांनी सोडलं तर ये. सोमवारी सुट्टीनंतर माझ्या खोलीत बसलेला दिसलास तर खुर्ची तुझी. नाही दिसलास तर इंजिनिअरिंगमधला एक जण टपून बसलाय.”

हृषी धावतच सरांकडे गेला.

“सर, मला सोडा. माझ्या आयुष्याचं नुकसान होतंय.”

सरांनी ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली. पुन्हा सोडली.

“ज्या दिवशी तुझी भिंत ओळंब्यात उभी असेल, त्या दिवशी तू मोकळा.”

“नक्की?”

“उभी असेल तर.”

आता हृषी काही साधा मुलगा नव्हता. त्यानं रात्रभर विचार करायचं ठरवलं आणि लगेच झोपला. सकाळी उठल्या उठल्या त्याला उत्तर सापडलं. सिमेंट.

मामाच्या घराचं काम नुकतंच संपलं होतं. उरलेलं पोतं मामीच्या डोळ्यांत खुपतच होतं. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर हृषीनं ते सायकलवरून आणलं, वाळू चाळली, सूत ताणलं आणि बोळाच्या तोंडाशी बसला.

“काय चाललंय?” वॉचमननं विचारलं.

“अभ्यास, काका.”

खोटं नव्हतं.

कंबरेएवढी भिंत सरळ आली तर सर म्हणतील, नशीब. म्हणून तो छातीपर्यंत गेला. छातीपर्यंत आल्यावर वाटलं, इथवर आलोच आहोत. रविवारी त्यानं बाक आणला, बाकावर स्टूल ठेवलं, आणि दर थराला ओळंबा लावत, जीभ बाहेर काढून, एकेक वीट ठोकत तो थेट छताला भिडला. शेवटची वीट तर उंदीरही जाणार नाही अशी बसवली.

भिंतीसोबत त्यानं फोटो काढला. आईला पाठवला.

आईचा मेसेज आला, “कुणाची आहे?”

सोमवारी पिंजारी सर आले तेव्हा हृषी भिंतीशेजारी हाताची घडी घालून उभा होता.

सरांनी भिंत वरून खाली बघितली. मग खालून वर. एक सांधा नखानं खरवडला. नख तुटलं.

“सिमेंट?”

“हो सर.”

सर बाकावर चढले. ओळंबा सोडला. लोखंडी वजन झुललं, मंदावलं, थांबलं. दोरी आणि भिंत, वरपासून खालपर्यंत सारखं अंतर. जराही कमीजास्त नाही. डावीकडं, मधे, उजवीकडं, सरांनी सगळीकडं लावून बघितलं.

शाळेनं हे आजवर पाहिलं नव्हतं.

“ओळंब्यात आहे,” सर म्हणाले.

हृषीला वाटलं होतं आनंद होईल. पण तो नुसता भिंतीवरून हात फिरवत राहिला.

“मोकळा तू. जा.”

“थँक यू सर!”

तो सरांच्या पाया पडला. ललितच्या पाठीत धपाटा घातला. दप्तर खांद्याला लावलं, एसीच्या दिशेनं वळला, ऐटीत निघाला… आणि भिंतीवर नाक आपटून थांबला.

मागं मधल्या सुट्टीची घंटा झाली.

थोड्या वेळानं कॉम्प्युटरची पोरं डबे खाऊन आली. बोळाच्या तोंडाशी रांग लागली. रांगेच्या पुढं नेवे मॅडम, हातात किल्ली.

“पिंजारी सर, हे काय?”

“भिंत.”

“ते दिसतंय. माझी खोली?”

“पलीकडं आहे. कुठं जात नाही.”

“अहो, माझ्याकडे किल्ली आहे!”

“जपून ठेवा.”

मॅडमनी हृषीकडे वळून बघितलं. “माझी अट लक्षात आहे ना? आत बसलेला दिसायला हवास.”

“मॅडम, आत तर तुम्हीपण नाही.”

“मुद्दा आहे,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

सरांनी कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलला आणि हृषीपुढं धरला.

“पाड. जा.”

हृषीनं हातोडा घेतला. डोक्यावर उचलला. समोर त्याची भिंत होती, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. तिचा एकेक सांधा त्याला पाठ होता. तो तिसऱ्या थरातला बारीक सांधा, तिथं त्याला शिंक आली होती.

हातोडा तसाच वर राहिला.

“मार ना भो,” ललित म्हणाला. “हात दुखतील.”

हृषी मारत नव्हता. तो विचार करत होता. आणि विचार करता करता त्याचा चेहरा पडला.

“सर… तुम्ही म्हणालात, भिंत ओळंब्यात उभी असेल तर मी मोकळा.”

“हं.”

“म्हणजे उभी ठेवली तर मी मोकळा, पण जाता येत नाही. पाडली तर जाता येतं, पण मग भिंत उभी नाही. म्हणजे मी मोकळा नाही. सर, हे संपतच नाही. नुसतं गोल गोल फिरतंय.”

“ललित,” सर म्हणाले, “बादली आण. सिमेंट आहे, पाणी मारायला पाहिजे. नाहीतर तडे जातील.”

“सर, अहो पाणी मारलं तर ती आणखी घट्ट होईल!” नेवे मॅडम ओरडल्या.

“हो,” सर म्हणाले.

ललित पाणी मारू लागला. भिंत गडद झाली, चमकायला लागली. खरं सांगायचं तर फारच सुंदर दिसत होती. रांगेतल्या पोरांनी मोबाईल काढले.

नेवे मॅडमनी घड्याळात बघितलं. इंजिनिअरिंगमधला तो टपलेला मुलगाही कुठूनसा येऊन रांगेत उभा राहिला होता, हातात कानस घेऊन, आशेनं.

हृषीनं हातोडा हळूच खाली ठेवला. भिंतीपुढं उकिडवा बसला. गालाला हात लावला. बादलीतून टपटप पाणी गळत होतं.

आणि एकाएकी तो ताडकन उठला.

“सर! सुचलं! पाडायची नाही! मधोमध दार काढायचं! भिंतपण उभी, मीपण आत! ओळंबापण राहील, खुर्चीपण राहील, मॅडमची किल्लीपण!”

रांगेत टाळ्या पडल्या. नेवे मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. टपलेल्या मुलानं कानस खिशात घातली.

“सांगा सर,” हृषीनं बाह्या मागं सारल्या. “वरच्या विटा न पडता दार कसं काढायचं? आत्ता करतो. सांगा फक्त.”

पिंजारी सर स्टुलावर बसले. उरलेला चहा बशीत ओतला. फुंकला. प्यायले. बशी पुसून कपावर पालथी घातली.

“…”

“सर?”

“दार दहावीला आहे.”