सटवाईनं मांडलेल्या परातीची कहाणी

ऐका बायांनो, आणि हातातली कामं खाली ठेवून ऐका. एका आटपाट नगरांत कासारांची आळी होती. तिथं भिवराबाई कासारीण, तिचा लेक मानाजी, सून येसू. गावाला हिरवा चुडा या घरचा, पण घरांत पाळणा हलेना.

येसूला दिवस गेले, तिसऱ्या महिन्यांत गर्भ गेला. सासू म्हणाली, काहीतरी उष्ण खाल्लं असशील. मग मीठ सोडायला लावलं. दुसऱ्यांदा गेला. सासू म्हणाली, भरली घागर उचलली असशील. मग दूध सोडायला लावलं. तिसऱ्यांदा गेला. सासू म्हणाली, ग्रहणांत सुरी धरली असशील. मग रात्रीचं जेवण सोडायला लावलं. उद्यापन कधी? तर मूल झाल्यावर. मूल होईना, नेम सुटेना, पोर वाळून काटकी झाली. याला शहाणपण म्हणायचं!

मानाजी काय करीत होता म्हणाल, तर बांगड्या भरीत होता. आईनं दुसरी मुलगी पाहिली, तरी बांगड्याच भरीत होता. पौर्णिमेला सुपारी फुटायची ठरली. येसूनं माहेरचं गाठोडं बांधलं.

मग श्रावणांत दारी एक म्हातारी आली. म्हणाली, मी सुईण आहे, जेवायला घाल. येसूनं वाढलं. म्हातारी म्हणाली, तूही बस. येसूनं आपले नेम सांगितले. म्हातारी कपाळाला हात लावून बसली.

मग तिनं अंगणांत परात मांडली. शेजारी वाढलेल्या, म्हणजे फुटलेल्या, बांगड्यांच्या तुकड्यांचा ढीग होता. बांगड्या भरायला येईल त्या बाईला ती सांगे, तुझे जितके गर्भ गेले तितके तुकडे परातींत टाक, नाव सांगू नको. पाटलीणबाईनं एक टाकला. भटजींच्या सुनेनं दोन टाकले. सात लेकरांच्या तेलिणीनंही एक टाकला. संध्याकाळपर्यंत परातीचा तळ दिसेना.

मग म्हातारी भिवराबाईकडं वळली. भिवराबाई उठली, ढिगापाशी गेली आणि दोन तुकडे आणून टाकले. पस्तीस वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "दर पांचसहा गर्भांत एखादा जातोच. लागोपाठ तीन जाणं विरळा, शंभरांत एकीचं. तिथं नेम धरूं नये, कारण शोधावं. कुणाच्या पिशवींत पडदा असतो, कुणाचं रक्त लौकर गोठतं, कुणाची गळ्यांतली गाठ मंद चालते. कधी बीजांतच चूक असते, आणि बीज एकट्या बाईचं नसतं. मानाजी, तूही वैद्याकडं जा. निम्म्या जणींचं कारण शोधूनही सापडत नाही, तरी त्यांतल्या पुष्कळींची कूस पुढं उजवते."

भिवराबाई म्हणाली, पण हिच्या नशिबांतच नसलं तर?

"मी सटवाई. मी सहाव्या दिवशी कपाळावर लिहायला येते. जे जन्मालाच आलं नाही, त्याचं मी काय लिहिणार? माझ्या नावावर कसलं नशीब खपवतां?"

एवढं बोलून देवी गेली. भिवराबाईनं सुपारी मोडली, नेम सोडवले. येसूला दूधभात वाढला. दोघं नवराबायको वैद्याकडं गेलीं. मानाजी सबंध वाट कुरकुरला, पण गेला. वैद्यानं सगळं तपासलं, कारण सापडलं नाही.

आता विचाराल, मग मूल झालं का? तुम्ही विचारणारच. चवथ्यांदा दिवस गेले, तोही गर्भ गेला. देवी भेटली म्हणून काही दुःख चुकत नाही. पण या वेळी सासूनं पाणी तापवलं, सुनेची पाठ शेकली, आणि म्हणाली, "माझे दोन गेले, तेव्हां मला कुणी रडूं दिलं नाही. तूं रड, येसू. मी इथं बसलें आहे." मग दोघी रडल्या. पांचव्यांदा मुलगी झाली.

येसूची कूस उजवली, तशी तुम्हां-आम्हां सर्वांची उजवो. जिची उजवणार नाही, तिच्याही पाठीशी कुणी बसो, आणि तिला कुणी दोष न देवो. ही साठां सुस्काऱ्यांची कहाणी पांच बोलांत सांगून पुरी झाली.