आरशासारखा बेड

"आता तरी सांगा उस्ताद, खोट कुठं राहिलीय?"

जोतिरामने यंत्राच्या बेडवरचा मलमलीचा कपडा बाजूला केला आणि हात मागे बांधून ऐटीत उभा राहिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इस्माईल उस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. यंत्राचा बिडाचा बेड, म्हणजे खालची बैठक, आणि त्यावरून सरकणारी स्लाइड एकमेकांशी जुळवावीत ती त्यांनीच. काय हात होता त्या माणसाचा! जोतिराम त्यांचा सगळ्यात हुशार चेला, आणि सगळ्यात उतावळाही.

या खेपेला सगळं काम त्याच्या एकट्यावर सोपवलेलं होतं. यंत्रही साधंसुधं नव्हतं. माणसाच्या खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे आणि सिरॅमिकचे गोळे त्यावर घासले जाणार होते. उस्तादांनी पसंत केलं, तर बेडच्या कोपऱ्यात जोतिरामचा स्वतःचा ठसा उमटणार होता. आजवर त्या कारखान्यात एकच ठसा चालत आला होता, उस्तादांचा.

जोतिरामने आपला ठसा आधीच करून घेतला होता. खिशात घेऊनच हिंडत होती स्वारी.

उस्ताद वाकले. बेडवरून तळहात फिरवला... परत फिरवला.

"या रे सगळे इकडं," त्यांनी हाक मारली. "बघून घ्या. असलं घासकाम माझ्या हातनं कधी झालं न्हाई."

उस्तादांना तोंडदेखलं बोलणं ठाऊकच नव्हतं. जोतिरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हात आपोआप खिशाकडे गेला.

"स्लाइड चढव," उस्ताद म्हणाले. "आन् केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी सरकव."

जोतिरामने तेल सोडलं, स्लाइड चढवली, सरक मोजायला डायल लावली आणि स्लाइडचं चाक अगदी हळू फिरवलं.

काटा हलला नाही. आणखी फिरवलं. ढिम्म. अजून थोडं... आणि स्लाइडने एकदम उडी मारली. काटा पार पलीकडे.

"तेल कमी पडलं असंल."

"घाल की."

घातलं. ते कडेनं ओघळून खाली गेलं. स्लाइड पुन्हा चिकटली, पुन्हा उडाली.

"खडबडीत असतं तर अडलं असतं, ते समजतंय मला. एवढं गुळगुळीत केल्यावर का अडावं, उस्ताद?"

पोलादी पात्याचं, धातू खरवडायचं आपलं स्वतःचं हत्यार उस्तादांनी उचललं आणि त्याची मूठ जोतिरामपुढे धरली.

"आरसा मोडायचा?"

उस्तादांनी मूठ आणखी पुढं केली.

जोतिरामला रडू यायचंच काय ते बाकी होतं. किती दिवस जीव ओतला होता त्यात! त्याने उस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता, घाईही नव्हती. हा माणूस आपलं वाईट करणार नाही, एवढंच त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने श्वास रोखला आणि पहिला ओरखडा काढला.

मग तो थांबला नाही. उस्ताद शेजारी स्टुलावर बसून राहिले. जेवणाची सुट्टी झाली, माणसं डबे उघडून बसली, तरी ते उठले नाहीत. जोतिराम डावखुरा, त्याच्या हातचे ओरखडे बाकीच्यांपेक्षा उलट्या अंगाला कलायचे, बघताच ओळखू यायचे. दुपार टळेपर्यंत साऱ्या बेडवर तशा बारीक चंद्रकोरी उमटल्या.

पुन्हा तेल सोडलं. ते खळग्याखळग्यांतून बसून राहिलं.

जोतिरामने स्लाइड चढवली आणि भीतभीतच चाक हलवलं. काटा केसाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊन थांबला. पुन्हा हलवलं. पुन्हा तेवढाच.

त्याचे डोळे भरून आले. वाकून त्याने उस्तादांच्या पायांना हात लावला. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"पसंत हाय, उस्ताद?"

"पसंत."

झालं! लगेच ठसा बाहेर आला, हातोडीही आली.

"कुठल्या कोपऱ्यात मारू?"

उस्तादांनी त्या उलट्या कललेल्या चंद्रकोरींवरून, बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली...

"कोपरा शिल्लक कुठं ठेवलायस, लेका?"