इस्फहानची चकती

“उस्ताद, माझ्या यंत्रात खोट असेल तर मी हे शहर सोडतो. पण आधी खोट दाखवा.”

फरीदूनने आपला अस्तुरलाब म्हाताऱ्या उस्ताद सिराजुद्दीनांपुढे ठेवला. सूर्याची उंची मोजून वेळ सांगणारे ते पितळी यंत्र. इस्फहानहून बीदरला येताना त्याने ते पोटच्या पोरासारखे जपले होते.

मशिदीत वेळ सांगायचे काम उस्तादांचे. काल त्यांनी ते पहिल्यांदाच फरीदूनवर सोपवले. हिवाळ्यातला रमजान, आणि दुपारनंतर आभाळ गच्च भरून आलेले. फरीदूनने यंत्रावरून दिवस किती लांब ते काढले, पाण्याचे घड्याळ लावले आणि वेळ होताच ऐटीत सांगितले, “सूर्य बुडाला.”

बांग झाली. मोहल्ल्याने रोजा सोडला. उस्तादांनीही खजूर तोंडात टाकला.

आणि पश्चिमेचे ढग फाटले. सूर्य चांगला कासराभर वर होता.

कोणी त्याला एका शब्दाने बोलले नाही. तेच त्याच्या जिव्हारी लागले होते.

“गणित तीनदा तपासलं,” तो म्हणाला. “इस्फहानला मी कधी चुकलो नाही.”

“नसशील.”

उस्तादांनी यंत्राची खीळ काढली. वरची ताऱ्यांची जाळी बाजूला ठेवली. तिच्याखालची कोरीव चकती उचलून त्याच्या तळहातावर दिली.

“काय लिहिलंय?”

“इस्फहान...”

हिवाळ्यात इस्फहानचा दिवस बीदरपेक्षा आखूड. मुलूख बदलला की चकती बदलायची, हे तो स्वतःच लोकांना शिकवत असे. पण ही सर्वांत देखणी, म्हणून ती त्याने कधी काढलीच नव्हती. त्याला शरमेने मान वर करवेना.

त्याने चकती खाली ठेवली.

“उद्या निघतो, उस्ताद.”

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. कोनाड्यातून त्यांनी एक कोरी पितळी चकती आणि छिन्नी काढली, आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवल्या.

“कालचा रोजा भरून काढायचाय,” ते म्हणाले. “ईद झाली की अख्खा मोहल्ला एकाच दिवशी धरणार आहे.”

“माझ्यामुळे...”

“तुझ्यामुळेच.”

ते पुन्हा आपल्या जागी बसले.

“त्या संध्याकाळी बांग कधी द्यायची, ते तू सांग.”