बिनटोपीचं बटण

“पण खरखर येते कधी?”

हा प्रश्न इनास मास्तरांनी तीनदा विचारला की चारदा, हे पास्कल सरांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या दिवसातलं बरंचसं आपल्याला आपल्या सोयीनं आठवत असावं, अशी शंका त्यांना अलीकडे येते. एवढं मात्र नक्की, की गावच्या सणाचा दिवस होता, दुपारचे तीन वाजून गेले होते आणि पाच वाजता चर्चच्या पटांगणात एल्वीना गाणार होती.

एल्वीना म्हणजे सरांची बायको. गळ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं तिनं तोंडातून सूर काढला नव्हता. पूर्वी तिचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत जायचा. आता तो बारीक झाला होता, पण होता. आणि आज ती गाणार होती.

सकाळी साडीला इस्त्री करता करता ती म्हणाली होती, “पास्कू, तुझी ती गिटार अशीच गुरगुरणार असेल तर मी कशाला उभी राहू? लोकांना तूच ऐकू येशील. आज माझं कोणी ऐकलं नाही ना, तर पुन्हा मी माइक हातात धरणार नाही.”

म्हणून सर आवाजाचं बटण खरखरणारी बेस गिटार खांद्याला अडकवून, सायकल दामटत, मास्तरांच्या केळीच्या वाडीतल्या शेडमध्ये येऊन थडकले होते. मास्तर गावाचे रेडिओ, अॅम्प्लिफायर, माइक, सगळं दुरुस्त करायचे. तरुणपणी सरांना चार तारांवर बोटं ठेवायला शिकवलं तेही त्यांनीच. सर मात्र पुढे कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले आणि बावीस वर्षं वीज शिकवलेल्या माणसाला विजेतलं काही विचारावं लागणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“मास्तर, कारण मला ठाऊक आहे,” सर म्हणाले. “बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते. तिच्यावरून पत्र्याचा काटा फिरतो. पट्टीवर धूळ बसली, की काटा मध्येच सुटतो आणि...”

“तुला ठाऊक आहे तर मग इकडे कशाला आलास?”

“दोनदा बटणं बदलली,” सर खालच्या आवाजात म्हणाले. “मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून नवीकोरी आणून. चार-सहा महिने बरं चालतं. मग पुन्हा तेच.”

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. आवाजाच्या बटणाला नाक लावलं. हुंगलं.

“हे तेल कुठलं?”

सर शेडबाहेरच्या केळींकडे बघू लागले.

“एल्वीनाच्या शिलाई मशीनचं?”

“थोडंसंच घातलं होतं.”

“डॉक्टरेट कशात केलीस रे तू?” मास्तर खो खो हसले. “तेलानं धूळ जाते होय? तेल धुळीला बोलावणं धाडतं. ये म्हणतं, बस म्हणतं. जेवूनच जा म्हणतं!”

सरांचे कान लाल झाले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

मास्तरांनी गिटारीच्या पाठीमागची झाकणी उघडली. धूळ धुणाऱ्या स्प्रेच्या डब्याला बारीक नळी लावली, ती बटणाच्या पोटातल्या फटीत घातली आणि फुस्स, फुस्स, दोनदा औषध मारलं. मग गिटार अॅम्पला जोडली आणि सरांच्या हातात दिली.

“फिरव.”

“किती?”

“शून्यापासून दहापर्यंत. मग दहापासून शून्यापर्यंत. मी थांब म्हणेपर्यंत.”

सरांनी बटण फिरवलं. स्पीकरमधून असा आवाज आला, जणू कोणी पत्र्यावरून वाळू ओढतंय. वाडीतला कुत्रा उठून पळाला.

“खरखर कधी येते?” मास्तरांनी पुन्हा विचारलं.

“आत्ता येतेय की!”

“आत्ताचं नाही. वाजवताना.”

“आवाज उतरवतो तेव्हा.”

“मग उतरवतोस कधी?”

“उतरवतच नाही. उतरवला की खरखर येते म्हणून बटण कायम दहावर. स्टेजवर चढताना दहा, उतरताना दहा.”

“नवी बटणं बसवलीस तेव्हा?”

“तेव्हाही...” सरांचा हात बटणावरच थबकला. “तेव्हाही दहावरच.”

“का? तेव्हा कुठे खरखर होती?”

अगदी तेव्हा सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बटणातला काटा कायम शेवटी उभा. उरलेल्या पट्टीवरून कोणी फिरकतच नाही. तिथं धूळ बसते, वसईची खारी हवा बसते. खरखर येते म्हणून आपण उतरवत नाही, आणि आपण उतरवत नाही म्हणून...

“मास्तर!” ते जवळजवळ ओरडलेच. “मास्तर, म्हणजे बिघाड बटणात नव्हताच!”

“हात थांबला तुझा,” मास्तर म्हणाले. “फिरव.”

सर फिरवू लागले. तीस वेळा. चाळीस वेळा. वाळूची खरखर आता सुकलेल्या पानासारखी झाली. पन्नास. अंगठ्याला फोड येईलसं वाटलं, पण सरांना थांबवेना. वर्गात आयुष्यभर पाठ म्हणून दाखवलेली गोष्ट बोटाखाली घडत होती. साठच्या पुढे कधीतरी पान चुरगळल्यासारखं एकदाच वाजलं आणि मग...

काहीच नाही.

शून्यापासून दहापर्यंत, दहापासून शून्यापर्यंत, काहीच नाही. नुसती शांतता वरखाली होत होती.

“गेली! मास्तर, गेली! ऐका!”

“काय ऐकू?” मास्तर म्हणाले. “तूच ओरडतोयस.”

चार वाजून गेले. सरांनी घाईघाईनं गिटार पिशवीत घालायला घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “एल्वीना गाताना कितीवर ठेवू? सहावर? शेवटचं कडवं फार खालच्या पट्टीत आहे, तिथं चारवर?”

मास्तर पुढे आले. बटणाची काळी टोपी, जिच्यावर शून्यापासून दहापर्यंत पांढरे आकडे होते, ती त्यांनी चिमटीत धरली, फट्दिशी उपटली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

गिटारीवर नुसती धातूची दांडी उरली.

“मास्तर, टोपी!”

“आकडे पाठ आहेत ना तुला?”

“पण बटण कुठं आहे ते दिसणार कसं?”

“तू काय बघायला चाललायस?”

...

पाच वाजता पटांगण भरलं होतं. पहिली तीन गाणी दणदणीत झाली. मग एल्वीना माइकपाशी आली. तिनं एकदाच मागे वळून सरांकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी होती की धमकी, हे सरांना आजही ठरवता आलेलं नाही.

ती गाऊ लागली. आवाज बारीक, थोडा घोगरा. सरांनी आवाज उतरवायला करंगळीनं दांडी फिरवली. थंडगार धातू. आकडा नाही, खूण नाही, खरखर नाही. एल्वीना ऐकू येईना म्हणून आणखी फिरवली. आता येऊ लागली. आणखी. आता तिचा श्वाससुद्धा. सरांचं काळीज असं धडधडत होतं, की ताल त्याच्यावरच धरावा लागला. शेवटच्या कडव्याला पटांगणात लहान मूलही रडलं नाही. आपण वाजवतोय की नाही हेच सरांना कळेनासं झालं.

मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. एल्वीना तोंडावर पदर धरून रडत होती आणि हसत होती. मास्तर स्टेजच्या पायरीपाशी आले, सरांच्या तळहातावर टोपी ठेवली आणि काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले?

“शाब्बास, पास्कू.” सर पुढची अकरा वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले. पाहुण्यांना, वर्गातल्या मुलांना, मास्तरांच्या मातीला जमलेल्या लोकांनासुद्धा. सांगता सांगता मनात चुकचुकायचं, कारण मास्तरांनी कोणाला शाब्बास म्हटलेलं एरवी कोणी ऐकलं नव्हतं.

बाराव्या वर्षी एल्वीनाच्या बहिणीकडे एक कॅसेट सापडली. तिनं त्या दिवशी पायरीवरच टेपरेकॉर्डर ठेवला होता. सर आणि एल्वीना शेजारी शेजारी बसून ऐकू लागले. शेवटचं कडवं आलं. एल्वीनाचा शब्द न् शब्द स्वच्छ. सरांनी स्पीकरला कान लावला. बेस गिटारचा मागमूस नव्हता.

मग टाळ्या. टाळ्यांच्या मागून अगदी जवळ कोणी खाकरलं. पाठोपाठ मास्तरांचा आवाज.

“काय गं एल्वीना, आज पास्कू वाजवायला आलाच नाही?”