बिलांशी घोडीच्या कानात

एक होता राजा आणि एक होती राणी, आणि दोघांच्या मधे होती एक घोडी. हसू नका, तेच तर राणीचं रडगाणं होतं. राजाचं नाव रणधवल, राणीचं नाव हिरावती. आणि घोडी कुठली, तर थेट फ्रान्स देशाची, गलबतात बसून समुद्रावरून आलेली. तिचं नाव बिलांशी. पांढरीशुभ्र. पळायला लागली की तिची सावली मागे राहायची आणि मग धापा टाकत येऊन तिला गाठायची, बरं का.

राजाला तिचं कोण कौतुक. उठला की पागेत. जेवणातला पहिला घास पागेत. राणीच्या तान्ह्या लेकीला, कनकूला, पहिला दात आला. राणी तिला कडेवर घेऊन दाखवायला गेली, तर राजा म्हणतो, "जरा थांबा, बिलांशीला खरारा चाललाय." राणीच्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता. सवत असती तर भांडली तरी असती. जनावराशी भांडणार कशी?

आता त्या राज्यात एक रीत होती. शर्यत जिंकलेल्या घोड्याला राणीने ओवाळायचं. आणि आपण देवळात नंदीच्या कानात सांगतो ना, तसं त्याच्या कानात हळूच एक मागणं सांगायचं. त्याने कान हलवला की मागणं पुरं. राण्या मागायच्या ते रयतेसाठी, विहिरींना पाणी राहू दे, पीक चांगलं येऊ दे. स्वतःसाठी कुणी मागितलंच नव्हतं, म्हणून मागू नये असंही कुणी सांगितलं नव्हतं.

मग आली पहिली शर्यत. लांबलांबचे घोडे आले. बिलांशी अशी सुटली की बाकीचे अजून शेपट्याच झटकत होते. लोकांनी केवढा जल्लोष केला. राणीने तोंडावर हसू ठेवून ओवाळलं आणि कानात सांगितलं, "तुझ्या नावाने लोक ओरडतात तसे माझ्या नावाने ओरडू देत."

घोडीने कान हलवला. झालं. दुसऱ्या दिवसापासून राणी न्हाणीघराकडे निघाली की दोन्ही बाजूंनी लोक ओरडायचे, "पळा राणीसाहेब, पळा!" पहिल्या दिवशी गोड वाटलं. पण जरा टेकायला बसली की सगळे हळहळायचे, "अरेरे, बसल्या." बसायची सोय राहिली नाही. तरी राणी म्हणाली, होऊ दे, त्या घोडीपेक्षा मी काही कमी नाही.

वसू, गोष्ट ऐकता ऐकता ताईचं पांघरूण ओढू नकोस. तुझं तुला आहे ना?

मग दुसरी शर्यत. घोडी पुन्हा जिंकली. राणीने कानात सांगितलं, "राजे तुला बघतात तसं मला बघू देत." घोडीने कान हलवला. सकाळी राजा पागेत न जाता राणीच्या महाली आला. तळहातावर गुळाचा खडा ठेवून पुढे केला. मानेवरून हात फिरवला. राणी नुसती विरघळली. मग राजाने काय करावं? तिचे ओठ वर करून दात बघितले. पाऊल उचलून तळवा बघितला, पोटरी दाबली, आणि प्रधानजींना म्हणाला, "ठीक आहे. अजून दोन हंगाम सहज काढेल." राणी मेल्याहून मेली झाली. पण हेवा हा असा असतो बघा, एवढं होऊनही सुटत नाही.

मग तिसरी शर्यत, घोडीची शेवटची. कारण देशोदेशीचे राजे म्हणायला लागले होते, आता हिची पिल्लं होऊ द्या, आम्हाला द्या. ते ऐकून राणीच्या पोटात दुखायला लागलं. म्हणजे आता हिच्या पोराचंही कौतुक, आणि माझी कनकू कोपऱ्यात? घोडी जिंकली. राणीने कानात सांगितलं, "तुझ्या लेकराचं जे होईल ते माझ्या लेकराचं होऊ दे." घोडीने लगेच कान हलवला नाही. राणीकडे बराच वेळ बघत राहिली. मग हलवला.

पुढे बिलांशीला शिंगरू झालं, तेही मादीच, मधाच्या रंगाचं, नुसते पायच पाय. गावभर साखर वाटली, आणि कनकूच्या नावाचीही वाटली. शिंगराला रेशमी झूल आली, कनकूला रेशमी परकर आला. परदेशचे वकील शिंगरू बघायचे आणि तिथूनच कनकूला बघायला यायचे. राणी काय खूश. "जिरली की नाही घोडीची?" म्हणाली.

मग एक दिवस राजा पागेतून आला आणि पान खाता खाता म्हणाला, "शिंगराचं दूध तुटलं. समुद्रापलीकडच्या राजाने मागितलंय, गलबत बंदरात लागलंय. कनकूचं बोचकं बांधा, तीही त्याच गलबतातून जाईल."

राणीला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ती रडली, पाया पडली. राजा तिची समजूत घालत म्हणाला, "अहो, चांगल्या जातीची आहे. चांगल्या घरी पडेल."

राणी तशीच पागेकडे धावली. लोक ओरडत होते, पळा, पळा, तिला काही ऐकू येत नव्हतं. बिलांशीच्या गळ्यात पडली, कानात म्हणाली, "माझं मागणं परत घे ग." घोडीने कान हलवला नाही. कसा हलवेल? मागणं चालतं ते जिंकल्या घोड्याच्या कानात. ही तर आता नुसती आई होती, आणि दाव्याला बांधलेल्या आपल्या पिल्लाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, कालपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. आपलं सोडून तिचं दुःख राणीने पहिल्यांदाच बघितलं. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिचं पोर राहिलं, तर माझंही राहील.

मग काय, नाकाला पदर लावल्याशिवाय पागेत न येणारी ती राणी, शालूसकट लिदीत बसली. एका हाताने शिंगराची मान धरली, दुसऱ्या हाताने कनकूला. पागेतले मोतद्दार दोर घेऊन आले, परत गेले. राणीला हात कोण लावणार? राजा आला, रागावला.

राणी म्हणाली, "महाराज, हे आईजवळ राहील. न्यायचं असेल तर आम्हा चौघींना न्या."

राजा ओरडतोय, राणी हलत नाही. इकडे बंदरात ओहोटी लागली. गलबत किती थांबणार? शीड उभारलं आणि गेलं निघून. शिंगरू आईच्या पोटाखाली शिरलं आणि कनकू राणीच्या कुशीत. मग राजाने डोळे चोळले आणि विचारलं, "मी कनकूला कुठे पाठवत होतो?" राणीने पोरगी त्याच्या मांडीवर दिली.

पण मागणं काही फिटलं नव्हतं हो. शिंगराचं जे होईल ते कनकूचं होणार. मग राणी करते काय, रोज पागेत जायची. शिंगराला कोवळा चारा घालायची, त्याच्या पायात काटा तर नाही ना बघायची. बिलांशी शेजारी उभी. राणी पहिल्यांदा भीतीने जायची, मग सवयीने, आणि मग मनापासून. शिंगरू मोठं झालं, शर्यतीत धावलं आणि सगळ्यांच्या मागे राहिलं. राजाचं तोंड पडलं. राणी मैदानात गेली, घामेजली मान पुसली आणि म्हणाली, "दमलीस ना ग? चल घरी." आणि एका बाजूला ती, एका बाजूला कनकू, अशा दोघी लेकींना घेऊन आली.

मग राजा, राणी, घोडी, सगळे सुखाने राहिले. घोड्या उभ्याउभ्या झोपतात. तुम्ही मात्र आडवे व्हा, आणि डोळे मिटा.